‘ऐकत नाही’ : बालकांमधील विरोधी-अवज्ञाकारी वर्तनविकार आणि मराठी कथनातील अवज्ञा

प्रस्तावना :

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा या वस्तीत काय किंवा जिल्ह्यातील कोणत्याही गावात काय, पालक आणि शिक्षक मुलाविषयी जी तक्रार सर्वाधिक वेळा करतात ती दोनच शब्दांची असते : ‘ऐकत नाही’. मराठीत ‘ऐकणे’ हे क्रियापद दोन अर्थांनी वापरले जाते. कानावर पडलेला ध्वनी ग्रहण करणे हा त्याचा एक अर्थ आणि सांगितलेल्या गोष्टीप्रमाणे वागणे हा दुसरा. श्रवण आणि आज्ञापालन या दोन भिन्न क्रिया भाषेने एकाच शब्दात गुंफल्या आहेत. त्यामुळे ‘मूल ऐकत नाही’ असे म्हणताना त्याला ऐकूच येत नाही, ऐकू येते पण समजत नाही, समजते पण जमत नाही, की जमते पण ते करावयाचे नाही, हा भेद बोलणाऱ्याच्या मनात बहुधा उमटत नाही.

मानसोपचारशास्त्राने या तक्रारीतील एका विशिष्ट आणि गंभीर प्रकाराला विरोधी-अवज्ञाकारी वर्तनविकार असे नाव दिले आहे. मराठी साहित्य व चित्रपट यांनीही न ऐकणारे मूल वारंवार रंगविले आहे. वैद्यकशास्त्र लक्षणे मोजते, तर साहित्य प्रसंग उभा करते. या दोन दृष्टी समोरासमोर ठेवल्यास अवज्ञेविषयी काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केलेला आहे. त्यासाठी साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ (१९३५), प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’ (१९९४), मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) या साहित्यकृती आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ (२००२) व नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) हे चित्रपट आधारासाठी घेतले आहेत. या कलाकृतींमधील पात्रांचे निदान करणे हा येथे हेतू नाही. कल्पित पात्राला रोगाचे नाव देणे ही समीक्षेची सोपी आणि निष्फळ वाट होय. अवज्ञा नेमकी कोणासमोर, कोठे, कशाविरुद्ध आणि कधीपासून घडते, या प्रश्नांना या कृतींनी कसा प्रतिसाद दिला आहे, हे पाहणे हा हेतू आहे.

संकल्पनेची घडण आणि तिचे निकष :

मूल हट्ट करते, उलट बोलते, सांगितलेले टाळते हे मानवजातीला नवे नाही. परंतु या वर्तनाला स्वतंत्र विकाराचा दर्जा मिळून अद्याप अर्धशतकही झालेले नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९८० मध्ये, ‘विरोधी विकार’ या नावाने तो प्रथम आला. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत त्याला ‘अवज्ञाकारी’ हे विशेषण जोडले गेले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याची आठ लक्षणे तीन गटांत मांडली आहेत. चटकन संतापणे, सहज दुखावणे वा चिडणे आणि सतत रागात व नाराजीत असणे ही तीन लक्षणे भावावस्थेची होत. वडीलधाऱ्यांशी वाद घालणे, आज्ञा वा नियम धुडकावणे, इतरांना मुद्दाम त्रास देणे आणि स्वतःच्या चुकीचा दोष दुसऱ्यावर ढकलणे ही चार लक्षणे वर्तनाची होत. आठवे लक्षण सूडबुद्धीचे असून सहा महिन्यांत किमान दोनदा ते दिसावे लागते. या आठांपैकी किमान चार लक्षणे किमान सहा महिने, आणि भावंडाव्यतिरिक्त निदान एका व्यक्तीशी वागताना दिसली पाहिजेत. पाच वर्षांखालील मुलात ती बहुतेक दिवशी, तर त्यापुढील वयात आठवड्यातून किमान एकदा दिसावीत असेही बंधन आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, हा विकार समाविष्ट असून कायम चिडचिड असणारा व नसणारा असे त्याचे दोन प्रकार केले आहेत. पाहणीनुसार प्रमाण १ ते ११ टक्के असे बदलते; सरासरी सुमारे ३.३ टक्के मानली जाते.

या व्याख्येतील तीन गोष्टी समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट अशी की, वर्तनाची वारंवारता व तीव्रता त्या वयाच्या, लिंगाच्या आणि संस्कृतीच्या सर्वसाधारण मर्यादेबाहेर असावी, अशी अट पुस्तिकेनेच घातली आहे. म्हणजे ‘संस्कृती’ हा शब्द निकषात आहे. पण तिचे मोजमाप कसे करावे याचे उत्तर निकषात नाही. दुसरी गोष्ट तीव्रतेची. लक्षणे केवळ एकाच ठिकाणी, उदाहरणार्थ फक्त घरी किंवा फक्त शाळेत, दिसत असतील तर विकार सौम्य, दोन ठिकाणी दिसल्यास मध्यम आणि तीन वा अधिक ठिकाणी दिसल्यास तीव्र मानला जातो. ‘कोठे’ हा प्रश्न असा निदानाच्या आतच आहे. तिसरी गोष्ट सर्वांत विचार करावयास लावणारी आहे. या वर्तनाने मुलाला स्वतःला क्लेश व्हावेत अथवा त्याच्या निकटच्या लोकांना क्लेश व्हावेत, यांपैकी एक पुरेसे धरले जाते. शरीराच्या आजारात दुखणे रोग्याचे असते. येथे मात्र दुखणे इतरांचे आणि निदान मुलाचे, असे घडू शकते. मूल ज्यांना त्रास देते तेच त्याच्याविषयीचे साक्षीदार असतात, आणि डॉक्टरांपुढील कागदावर बहुतांशी त्यांचीच साक्ष उतरते.

मराठी शब्दांनी आधीच दिलेला निवाडा :

निदानपुस्तिका येण्यापूर्वी मराठीत अशा मुलांसाठी शब्दांचा तोटा नव्हता. अवखळ, खट्याळ, हूड, द्वाड, वांड, व्रात्य, नाठाळ, हट्टी, आगाऊ, उद्धट, उर्मट ही यादी नुसत्या समानार्थी शब्दांची नाही. ती चढत्या क्रमाने लावलेल्या निवाड्यांची आहे. ‘अवखळ’ म्हणताना बोलणाऱ्याच्या ओठांवर हसू असते, तर ‘उर्मट’ म्हणताना हात उगारलेला असतो. विशेष म्हणजे तीच कृती कोणी केली यावर शब्द बदलतो. बाळकृष्णाच्या खोड्यांच्या तक्रारी गौळणींच्या परंपरेने शतकानुशतके कौतुकाने गायिल्या. तेथे चोरी, मडकी फोडणे आणि खोटे बोलणे या साऱ्यांची लीला झाली. श्रीमंताघरचे मूल पाहुण्याला उलट बोलले तर ते ‘चुणचुणीत’ ठरते. गड्याच्या मुलाने तेच केले तर तो ‘माजला’. मुलग्यासाठी ‘खोडकर’ हा शब्द सहज येतो, मुलीसाठी मात्र ‘तोंडाळ’, ‘आगाऊ’ किंवा थेट ‘कैदाशीण’ असे शब्द पुढे येतात.

यांतील ‘व्रात्य’ या शब्दाचा प्रवास बोलका आहे. संस्कृत धर्मशास्त्रात विहित काळात उपनयनसंस्कार न झालेला, म्हणून समाजाच्या मान्य वर्तुळाबाहेर गेलेला, तो व्रात्य होय. तेथे हा शब्द स्वभावाचे वर्णन करीत नाही. तो माणसाचे समाजातील स्थान सांगतो. मराठीने तो खोडकर मुलासाठी उचलला आणि स्थानाचा शब्द स्वभावाचा झाला. बाहेर ठेवले गेल्यामुळे वेगळा वागणारा आणि स्वभावतःच वाईट वागणारा या दोघांमधील सीमारेषा या एका शब्दात पुसली गेली आहे. आधुनिक निदानाचा जाणकार उपयोग ही सीमारेषा पुन्हा आखू शकतो, मात्र घाईने लावलेले निदान ‘व्रात्य’चेच नवे, इंग्रजी वळणाचे भाषांतर ठरते. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ या म्हणीवर श्रद्धा असलेल्या समाजात तर अशी चिठ्ठी एकदा चिकटली की निघत नाही.

‘श्यामची आई’ : प्रौढाने सांगितलेले बालपण :

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाने मराठी घरांतील संस्काराची भाषा घडविली. या पुस्तकातील श्याम हा आदर्श मुलगा होता असा समज रूढ आहे, तो पुस्तक वाचून झालेला नसून आठवणीतून झालेला असावा. प्रत्यक्षात श्याम हट्ट करतो, रुसतो, लपतो आणि सांगितलेले टाळतो. पोहायला शिकण्याच्या प्रसंगी तो भीतीने दडून बसतो व आई शिंपटीने मारून त्याला विहिरीकडे पाठविते. पाठीवर वळ उठतात. नंतर आईच्याच डोळ्यांत पाणी येते आणि मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून आपण मारले, असे ती समजावते.

हा प्रसंग आजच्या वाचकाला दोन्ही बाजूंनी अडचणीत टाकतो. श्यामचे न ऐकणे ही अवज्ञा नाही. ती भीती आहे. बालमानसशास्त्र ज्या गोष्टीकडे पुनःपुन्हा लक्ष वेधते ती हीच की, चिंताग्रस्त मुलाची टाळाटाळ वरून पाहता उद्दामपणासारखी दिसते. श्यामच्या आईला ती भीती ओळखू येते, परंतु तिच्याजवळ उपाय एकच आहे. मार परिणामकारक ठरला असे पुस्तक सांगते. तथापि तो मार नसून त्यानंतरचे रडणे व बोलणे परिणामकारक ठरले असावे, असे म्हणण्यास पुस्तकातच आधार आहे. पत्रावळ लावण्यास न शिकणाऱ्या श्यामचा प्रसंग या दृष्टीने अधिक उजळ आहे. तेथे रुसलेल्या भावाची समजूत बहीण घालते आणि त्याला हाताला धरून शिकविते. म्हणजे श्यामला काम करावयाचे नव्हते असे नाही, त्याला ते येत नव्हते. न येण्याची लाज अवज्ञेचे रूप घेते, हे सत्य या साध्या कथेत कोणताही सिद्धान्त न मांडता आलेले आहे.

मात्र या पुस्तकाच्या निवेदनपद्धतीची मर्यादा नोंदविणे आवश्यक ठरते. ही कथा प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र सांगतो. आई गेलेली आहे व सांगणारा कृतज्ञतेने भरलेला आहे. मार खाल्लेल्या क्षणी मुलाला काय वाटले याऐवजी मोठेपणी त्याला काय वाटते, हे आपण ऐकतो. ज्या मुलांच्या वाट्याला मार आला पण नंतरचे अश्रू आले नाहीत, त्यांनी मोठेपणी असे पुस्तक लिहिलेले नाही. ‘आम्हीही मार खाऊनच मोठे झालो’ या सर्वत्र ऐकू येणाऱ्या युक्तिवादाचे मूळ या अर्धवट साक्षीत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. कायदा बदलला, पण मनातला ‘श्याम’ अजून तसाच आहे.

‘दहावी फ’ आणि ‘शाळा’ : तुकडीने घडविलेला विरोध :

घरातून शाळेत आल्यावर अवज्ञेचा अर्थ पालटतो. ‘दहावी फ’ या चित्रपटाचे शीर्षकच एक निदान आहे. कमी गुणांच्या मुलांची वेगळी तुकडी करून तिला वर्णमालेतील मागचे अक्षर दिले की, त्या तुकडीतील मुलाने काहीही करण्यापूर्वीच त्याच्याविषयीचे मत तयार असते. हुशार तुकडीशी झालेला संघर्ष, त्यात एका बाजूला मिळालेला झुकता न्याय आणि त्यातून संतापलेल्या मुलांनी केलेली प्रयोगशाळेची मोडतोड असा या कथेचा क्रम आहे. केवळ शेवटची कृती पाहिली तर संताप, नियमभंग व सूडबुद्धी ही लक्षणे बिनचूक मोजता येतील. चित्रपट मात्र कृतीच्या आधीचे पाहायला लावतो. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शिक्षक मुलांना निर्दोष ठरवीत नाही. मोडलेले पुन्हा उभे करण्यासाठी त्यांनी स्वतः कष्ट करून पैसे मिळवावेत, असा मार्ग तो दाखवितो. शिक्षा आणि भरपाई यांतील फरक येथे नेमका उमटला आहे. शिक्षेत मूल एकटे पडते. भरपाई करताना त्याला काम, जबाबदारी आणि एक मोठा माणूस सोबत मिळतो.

‘शाळा’ या कादंबरीतील नववीतला मुकुंद आणि त्याचे मित्र यांचा काळ आणीबाणीचा आहे. देशभर ‘अनुशासन पर्व’ हा शब्द घुमत असताना अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून ही मुले शिक्षकांना नावे ठेवतात, खोटे बोलतात, नियम मोडतात. त्यांच्यात ‘लक्षणे’ आहेत. विकार मात्र नाही. कारण त्यांची अवज्ञा परिस्थितीनुसार बदलते. माणूस पाहून, तास पाहून ती कमीजास्त होते, मैत्रीत ती विरघळते आणि प्रेमात तर ती अतिशय आज्ञाधारक होते. पौगंडावस्थेतील नेहमीचा विरोध आणि विकार यांतील भेद समजावून घेण्यासाठी ही कादंबरी पाठ्यपुस्तकाइतकी उपयुक्त आहे. विकारग्रस्त मुलाचे दुःख असे की त्याचा विरोध लवचीक राहत नाही. ज्याच्याशी जमवून घ्यावे असे त्यालाही वाटते, त्याच्याशीही त्याचे भांडण होते.

‘फँड्री’ : नकार हाच जेथे शहाणपणा :

‘फँड्री’ मधील जब्या वडिलांचे ऐकत नाही. डुकरे पकडण्याचे जातीने लादलेले काम त्याला करावयाचे नाही, विशेषतः वर्गातील मुलामुलींच्या नजरेसमोर नाही. डुकराचा पाठलाग चालू असताना तो आडोशाला दडतो, डुक्कर निसटते आणि वडिलांचा मार त्याच्या वाट्याला येतो. शेवटी अपमान करणाऱ्यांच्या दिशेने त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो.

निकषांची यादी हातात घेऊन पाहणाऱ्याला येथे आज्ञाभंग, संताप आणि आक्रमकता दिसेल. पाहणाऱ्याने चौकट थोडी रुंद केली की, वडिलांनाही तेच काम गावाने सोपविलेले आहे आणि त्यांनाही नकाराची सोय नाही, हे दिसू लागते. वडिलांचा हात मुलावर उठतो तेव्हा त्यामागे गावाचा दाब असतो. कचरू हा क्रूर बाप नाही. ज्याला वरच्यांना नाही म्हणता येत नाही तो खालच्याकडून नकार सहन करू शकत नाही, एवढेच. या चित्रपटाने मराठी कथनातील अवज्ञेच्या चित्रणाला एक निर्णायक वळण दिले. ‘श्यामची आई’ मध्ये ऐकणे हा सद्गुण होता. ‘फँड्री’ मध्ये ऐकणे म्हणजे अपमान पुढच्या पिढीकडे सोपविणे आहे. ज्या आज्ञेत अन्याय आहे तिचा भंग हे लक्षण मानता येत नाही. निदान करणाऱ्याने मुलाने काय मोडले हे लिहिताना, कोणती आज्ञा मोडली हेही लिहिले पाहिजे, हा धडा या दगडाने दिला आहे.

ऐकणारी माणसे : ‘वनवास’ आणि कुरणशाळा :

या सर्व कृतींत मुलाचे न ऐकणे आहे, तसेच मुलाला न ऐकणारे जगही आहे. उलट उदाहरण म्हणून ‘वनवास’ मधील लंपनकडे पाहता येते. आईवडिलांपासून दूर, सीमाभागात आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा मनातून दुखावलेला आहे. त्याचे निवेदन प्रथमपुरुषी आहे. त्याच्या मराठीत कानडी मिसळलेली आहे. त्याच्याजवळ हट्ट करण्याची, बिथरण्याची कारणे आहेत. पण त्याच्याभोवती त्याचे म्हणणे कानावर घेणारी माणसे आहेत. त्यामुळे त्याच्या दुःखाला विरोधाचे रूप घ्यावे लागत नाही. ते शब्दांत येते. दुःखाला शब्द मिळाले की त्याला दगड उचलावा लागत नाही, असे ‘वनवास’ आणि ‘फँड्री’ शेजारी ठेवल्यावर म्हणता येईल.

शिक्षणाच्या क्षेत्रात हेच सूत्र महाराष्ट्रात फार पूर्वी आचरणात आले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह वारली मुलांसाठी काम उभारले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, बोलावले तर पळून जातात, अशी स्थिती होती. ही मुले हट्टी आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे होते. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटले. मूल ऐकत नसेल तर प्रथम सांगण्याची जागा व रीत बदलून पाहावी, हा विचार त्यामागे होता. आजच्या वर्तनोपचाराचा पाया याहून फार निराळा नाही.

साहित्याची उणीव :

येथवर साहित्याने निदानाला काय शिकविले ते पाहिले. आता उलट बाजूही पाहणे न्याय्य ठरेल. मराठी कथनाला अवज्ञेचा शेवट हृदयपरिवर्तनात करण्याची सवय आहे. एक समजूतदार शिक्षक येतो, आईचे अश्रू गळतात, आणि मूल बदलते. विरोधी-अवज्ञाकारी वर्तनविकार असलेल्या मुलाच्या घरात असे घडत नाही. तेथे आईने शंभरदा समजावलेले असते, शंभरदा रडलेले असते आणि शेजारीपाजारी तिलाच दोष देत असतात. अशा आईला ‘प्रेमाने सगळे जिंकता येते’ हे साहित्यिक आश्वासन आणखी अपराधी करते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ मध्ये मांडलेले बळजोरीच्या चक्राचे विवेचन या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटते. पालक काही सांगतो. मूल नकार देते. पालक आवाज चढवितो. मूल त्याहून मोठा आकांत करते. थकलेला पालक माघार घेतो. आकांत केल्याने काम टळते हे मूल शिकते, आणि माघार घेतल्याने घर शांत होते हे पालक शिकतो. पुढच्या वेळी कधी पालकाचा मार जिंकतो, तेव्हा मोठ्याने ओरडणारा जिंकतो हाच धडा पुन्हा पक्का होतो. या चक्रात खलनायक कोणी नाही. दोघेही एकमेकांचे शिष्य आहेत. म्हणूनच या विकारावरील प्रमुख उपचार मुलाइतकाच पालकावर केंद्रित असतो. एका वेळी एकच आणि स्पष्ट सूचना देणे, चांगले वागणे घडताच ते लक्षात घेऊन बोलून दाखविणे, परिणाम आधी सांगितलेला, लहान आणि प्रत्येक वेळी तोच ठेवणे, भांडणाच्या आगीत तेल न ओतणे, या गोष्टी आठवड्यांमागून आठवडे शिकाव्या लागतात. केवळ या विकारासाठी औषध हा पहिला उपाय मानला जात नाही. अवधान-न्यूनता व अतिचंचलता यांसारखा सहविकार पुष्कळदा असतो व त्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. अशी सर्वच मुले पुढे गुन्हेगारीकडे वळत नाहीत. ज्यांच्यात चिडचिड प्रबळ असते त्यांना पुढे खिन्नता व चिंता यांचा धोका अधिक असतो. या संथ, कंटाळवाण्या आणि विजयाचा क्षण नसलेल्या श्रमाला मराठी कथनात अद्याप जागा मिळालेली नाही.

दुसरी उणीव मुलींची. येथे पाहिलेल्या पाचही कृतींच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने मुलगेच आहेत. पौगंडावस्थेपूर्वी या विकाराचे प्रमाण मुलग्यांत काहीसे अधिक आढळते हे खरे. परंतु न ऐकणाऱ्या मुलीला समाज इतक्या लवकर व इतक्या कठोरपणे गप्प बसवितो की तिची अवज्ञा कथेपर्यंत आणि दवाखान्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच घराच्या भिंतींत जिरते, ही शक्यताही विचारात घ्यावी लागते.

गोंदिया परिसराच्या संदर्भात :

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवर आहे. येथे घरात पोवारी, झाडीबोली, हिंदी, गोंडी किंवा छत्तीसगडी, बाजारात बहुधा हिंदी आणि वर्गात प्रमाण मराठी किंवा इंग्रजी, असा मुलाचा दिवस तीन भाषांतून जातो. पहिलीतल्या मुलाने प्रमाण भाषेतील सूचना न पाळणे ही अवज्ञा आहे की अनाकलन, हे तपासल्यावाचून त्याला उद्धट म्हणणे अशास्त्रीय होय. कुडव्यासारख्या शहरालगतच्या वस्तीत तर गावची बोली आणि शहराची शिस्त यांची गाठ रोजच पडते.

शरीराकडेही प्रथम पाहिले पाहिजे. कान फुटलेल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाविषयी ‘ऐकत नाही’ हे वाक्य शब्दशः खरे असते. या भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजारातील वेदना व थकवा मुलाला चिडचिडे करू शकतो. अपुरी झोप, रिकामे पोट, व्यसनी पालकाच्या घरातील भीती यांचेही तसेच. २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते, आणि श्रवणदोष, अध्ययनअक्षमता, अतिचंचलता यांचा तीत समावेश आहे. तक्रार आलेल्या मुलाला आधी या तपासणीतून नेणे, मग त्याची घरातील, शाळेतील आणि खेळण्यातील वागणूक वेगवेगळ्या माणसांकडून जाणून घेणे आणि त्यानंतरच मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेणे, हा क्रम उलटा होता कामा नये. त्याचबरोबर, सहा महिन्यांहून अधिक काळ सर्वत्र आणि सर्वांशी झगडणाऱ्या मुलाला ‘मोठेपणी सुधारेल’ म्हणून सोडून देणे हीही तितकीच मोठी चूक होय. शांततेने जगण्याचा त्याचाही हक्क आहे.

निष्कर्ष :

१) विरोधी-अवज्ञाकारी वर्तनविकार ही वास्तव आणि उपचारयोग्य अवस्था आहे, मात्र तिचे निकष प्रामुख्याने मुलाच्या कृती मोजतात, त्या कृतींआधी घडलेले मोजत नाहीत.

२) मराठी साहित्य व चित्रपट यांनी हा आधीचा भाग समर्थपणे दाखविला आहे. भीती, न येण्याची लाज, पक्षपाती तुकडी आणि जातीय अपमान ही अवज्ञेची चार भिन्न मुळे या कृतींतून स्पष्ट होतात.

३) ‘श्यामची आई’ ते ‘फँड्री’ या प्रवासात आज्ञापालनाच्या मूल्याचीच फेरतपासणी झालेली दिसते. प्रत्येक अवज्ञा विकार नाही, तसे प्रत्येक अवज्ञा बंडही नाही.

४) हृदयपरिवर्तनाच्या शेवटामुळे साहित्य विकारग्रस्त मुलाच्या पालकावर अन्याय करते. दीर्घ, सातत्यपूर्ण पालक-प्रशिक्षणाचे वास्तव कथनात येणे बाकी आहे.

५) बहुभाषक सीमावर्ती भागात भाषा, श्रवण आणि शारीरिक आरोग्य यांची तपासणी ही निदानाची पहिली पायरी असावी.

‘ऐकणे’ या क्रियापदाने श्रवण आणि आज्ञापालन एकत्र बांधले, हा भाषेचा दोष मानण्याचे कारण नाही. त्यात एक सूचनाही आहे. जो आधी ऐकतो त्याचेच पुढे ऐकले जाते. कुडव्यातील एखाद्या वर्गात शिक्षकाने ‘हा ऐकत नाही’ असे नोंदवहीत लिहिण्यापूर्वी त्याच ओळीखाली ‘त्याचे कोणी ऐकले?’ असा प्रश्न लिहिला, तर निदान आणि साहित्य या दोहोंचे प्रयोजन तेथे सफळ होईल.